प्रस्तावना : रंग जातो कुठे?

नवरात्र आणि पाठोपाठ शरद पौर्णिमा आटोपली की बडोद्यातल्या आमच्या गोत्री भागातल्या सोसायट्यांच्या गच्च्या चणियाचोळ्यांनी भरून जातात. नऊ रात्री घामाने भिजलेले ते घेरदार घागरे पिळून दोरीवर टाकलेले असतात, आणि त्यांतून निथळणारं पाणी फरशीवरून पन्हळीकडे वाहत जातं. आमच्या पन्हळीतून लालसर पाणी उतरतं, शेजारच्या इमारतीच्या पन्हळीतून निळं. लहान मुलं ते बघायला खाली जमतात. मीही ते वर्षानुवर्षं कौतुकाने पाहत आले होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने गरब्यासाठी गडद निळी, जवळजवळ काळीच वाटावी अशी चणियाचोळी घेतली. वर आरशांचं काम, आत पॉलिस्टरचं अस्तर. तिसऱ्या रात्री तिच्या कंबरेभोवती, नाडीच्या खाली, चार बोटं रुंद लाल पट्टा उठला. काखेत चट्टे आले. आम्ही ते घामोळं समजलो. कैलास जीवन लावलं, पावडर मारली आणि चौथ्या रात्री ती पुन्हा तेच कपडे घालून गरब्याला गेली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. औषध लिहिण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नवीन काय घातलंस?" चट्टे नेमके कुठे आहेत ते पाहिल्यावर त्यांना अंदाज आला होता. कापड जिथे घट्ट बसतं, घासतं आणि घामाने भिजतं, तिथेच ते होते.

त्या संध्याकाळी ती चणियाचोळी मी स्वतः धुवायला घेतली. पांढऱ्या बादलीतलं पहिलं पाणी दौतीतल्या शाईसारखं झालं. दुसरंही निळंच. तिसरं पाणी मोरीत ओतताना माझा हात थांबला. अर्धं आयुष्य मी कापड शिकण्यात आणि शिकवण्यात घालवलं होतं. रंग कापडावर कसा चढतो हे मला पाठ होतं. तो कापडावरून उतरल्यावर कुठे जातो, हा प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारलाच नव्हता.

दुकानात गेल्यावर आपण सगळे एकच गोष्ट विचारतो, "रंग जाणार नाही ना?" दुकानदार ठाण उलगडत म्हणतो, "पाको रंग छे, बेन." एवढ्यावर आपलं समाधान होतं. या पुस्तिकेचं म्हणणं इतकंच आहे की हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न हवेत. हा रंग अंगाला लागला तर काय करतो? आणि कापडावर न बसलेला उरलेला रंग कुणाच्या पाण्यात जातो?

हे प्रश्न बडोद्यातून विचारले जावेत याला कारण आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केलं. त्याचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि कापडरंगाई हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. कारागिराच्या मुलाला त्याच्याच भाषेत शास्त्र शिकवायचं, हा कलाभवनाचा हेतू. गज्जरांनी रंगाईच्या शास्त्रावर 'रंगरहस्य' नावाचं त्रैमासिकही चालवलं. ज्या काळात देशात रंगाचे डबे बोटीने येत होते, त्या काळात बडोद्यात त्या डब्यांत काय आहे याचा अभ्यास चालला होता. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत विकसित झालं. आजही या विद्यापीठात कापडाचं रसायनशास्त्र आणि वस्त्रशास्त्र शिकवलं जातं.

त्या डब्यांतल्या रंगांची कथा १८५६ सालापासून सुरू होते. लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनाईन बनवू पाहत होता. क्विनाईन बनलं नाही, हाती आला एक जांभळा रंग. पुढच्या चाळीस वर्षांत मंजिष्ठेच्या मुळीतला लाल रंग कारखान्यात बनू लागला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. मंजिष्ठा, आल, नीळ, कुसुंबा यांच्यावर जगणारे आपले रंगारी आणि शेतकरी एका पिढीत बाजूला पडले. नवे रंग स्वस्त होते, झगझगीत होते आणि दर वेळी हुबेहूब तीच छटा देत होते. गरिबाच्या अंगावर रंगीत कापड आलं ते याच रंगांमुळे, हे विसरून त्यांना नुसती नावं ठेवणं बरोबर नाही.

मात्र किंमत कुणीतरी मोजत होतं. कलाभवन सुरू झाल्यावर पाचच वर्षांनी, १८९५ मध्ये, फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचं मांडलं. रंगाच्या कारखान्यातली विशिष्ट रसायनं वर्षानुवर्षं श्वासातून आणि कातडीतून शरीरात गेली की हा रोग होतो, हे पुढच्या काळात निर्विवाद सिद्ध झालं. बेंझिडिन आणि टू-नॅफ्थिलअमाईन ही त्यांतली दोन कुप्रसिद्ध नावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही दोन्ही माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत.

आता कापडाकडे वळू. जगात वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक 'ॲझो' जातीचे आहेत. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांशी दुहेरी बंधाने जोडलेले असतात, त्या जोडाला ॲझो म्हणतात. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत हवी ती छटा या जोडाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे बदलून मिळते. अडचण अशी की हा जोड तुटू शकतो. आतड्यातले आणि कातडीवरचे जिवाणू तो तोडू शकतात. तुटल्यावर जे तुकडे उरतात, ते काही रंगांच्या बाबतीत बेंझिडिन किंवा त्याचे भाऊबंद असतात. सगळे ॲझो रंग असे नाहीत, बहुतेक नाहीतच. म्हणून 'ॲझो म्हणजे विष' असं सरसकट म्हणणं चूक आहे. कोणत्या रंगातून कोणता तुकडा सुटतो, हे पाहावं लागतं.

जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली. युरोपीय संघाने २००२ मध्ये तसाच नियम केला. कापडाच्या एका किलोमागे असा एखादा तुकडा, म्हणजे अमाईन, ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये, अशी तिथली मर्यादा आहे. भारतातही १९९०च्या दशकात केंद्र सरकारने अधिसूचना काढून एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. त्यांत ४२ बेंझिडिनवर आधारलेले होते आणि १९९७च्या अधिसूचनेतले ७० ॲझो होते. म्हणजे कायदा आपल्याकडे पाव शतकाहून जुना आहे. परदेशी जाणारं कापड गिऱ्हाईकाच्या अटीमुळे तपासून जातं. पण बडोद्याच्या मंगळ बाजारातल्या गर्दीत आपण शंभर-दीडशे रुपयांचा परकर उचलतो, तेव्हा त्याच्यासोबत अशी कोणतीही तपासणी आपल्या हातात येत नाही. चिठ्ठी असलीच तर तिच्यावर धागा कोणता ते असतं. रंग कोणता ते नसतं.

माझ्या भाचीला झालं ते मात्र वेगळं होतं. तिथे कर्करोगाचा प्रश्न नव्हता. पॉलिस्टर आणि नायलॉनसाठी 'डिस्पर्स' जातीचे रंग वापरतात. ते पाण्यात नीट विरघळत नाहीत, धाग्यात शिरून बसतात. त्यांतले काही, विशेषतः गडद निळ्या आणि काळ्या छटांमधले 'डिस्पर्स ब्ल्यू १०६' आणि 'डिस्पर्स ब्ल्यू १२४', त्वचेच्या ॲलर्जीसाठी डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीचे आहेत. रंग पुरता बसलेला नसला, कापड घट्ट असलं आणि वरून घाम आला की तो कातडीत उतरतो. ज्यांना केसांच्या काळ्या कलपाची ॲलर्जी आहे, त्यांच्यापैकी काहींना डिस्पर्स जातीतले काही रंगही सोसत नाहीत. कलपातलं रसायन आणि हे रंग रसायनाच्या नात्याने जवळचे आहेत. घरात कुणाला कलप लावल्यावर खाज सुटत असेल, तर त्या व्यक्तीने गडद रंगाचे, अंगाला चिकटून बसणारे कृत्रिम धाग्यांचे कपडे घेताना जपावं.

रंगाबरोबर आणखी काही पदार्थ कापडावर येतात, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. 'इस्त्रीची गरज नाही' असं लिहिलेल्या सुती शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून जी राळ लावतात, तिच्यातून फॉर्मल्डिहाईड सुटू शकतं. नवा शर्ट उघडताना नाकाला झोंबणारा वास येतो, त्यामागे कधी हे असतं. कापड धुताना-रंगवताना वापरायच्या साबणांत नॉनिलफिनॉल गटाची रसायनं असली, तर ती आपल्या घरच्या धुण्यातून नदीत पोचतात आणि माशांच्या संप्रेरकांमध्ये ढवळाढवळ करतात. युरोपीय संघात विकलं जाणारं धुण्याजोगं कापड २०२१ पासून वजनाच्या ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असं रसायन बाळगू शकत नाही. पांढरं कापडही रसायनांपासून मुक्त असतं असं नाही. ते शुभ्र दिसावं म्हणून विरंजन आणि चमक आणणारे पदार्थ त्याच्यावरही वापरलेले असतात.

हे सगळं वाचून घाबरून जाऊ नये. आपण अंगावर घालतो त्या कापडातून मिळणारी मात्रा बहुतेक वेळा लहान असते आणि दोन-तीन धुण्यांत ती आणखी कमी होते. मोठी मात्रा वेगळ्याच माणसांच्या वाट्याला येते, आणि ती माणसं आपल्याला दिसत नाहीत.

त्यांपैकी एकाला मी पाहिलं आहे. जुन्या शहरातल्या एका गल्लीत एक रंगारी पदर, ओढण्या आणि अस्तरं मागणीप्रमाणे रंगवून देतात. पितळी पातेलं उकळत असतं. चमच्याने मोजलेली भुकटी पाण्यात पडते, तिची धूळ तोंडावर येते. त्यांच्या हातांवरचा रंग मनगटाच्या चार बोटं वर एका सरळ रेषेत थांबलेला होता, जणू कुणी आखून दिली असावी. रात्री हात स्वच्छ करायला ते 'हायड्रो' वापरत, म्हणजे कापडावरचा रंग काढायचंच रसायन. हातमोजे का घालत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "हातमोज्यात कापडाचा अंदाज येत नाही." छटा जुळवण्याचं त्यांचं कसब मी थक्क होऊन पाहिलं. दुकानात मला कधी न मिळालेली छटा त्यांनी पाच मिनिटांत माझ्या ब्लाऊजपीसला जुळवून दिली. रंगाच्या भुकटीमुळे रंगकामगारांना दम्यासारखा श्वासाचा त्रास होतो, हे वैद्यकाने नोंदवलेलं आहे. चांगला मुखपट्टा, झाकण असलेलं पातेलं आणि भुकटीऐवजी द्रवरूप रंग एवढ्यानेही त्यांचा धोका पुष्कळ कमी होईल. हे आपल्या खरेदीच्या हिशेबात कधीच धरलं जात नाही.

आता दुसरा प्रश्न, उरलेल्या रंगाचा. सुती कापडासाठी आज सर्वाधिक वापरले जातात ते 'रिॲक्टिव्ह' रंग. १९५६ मध्ये, पर्किनच्या जांभळ्या रंगाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, ते बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंध जोडतात म्हणून पक्के असतात. पण पातेल्यात टाकलेला सगळा रंग धाग्याला लागत नाही. पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, पाण्यातच राहतो. रंग धाग्याकडे ढकलायला भरपूर मीठ घालावं लागतं, तेही त्या पाण्यातच उरतं. म्हणजे ज्या कापडाला आपण 'पाको रंग' म्हणून जास्त पैसे देतो, त्याच्याही मागे रंगीत खारट पाणी आहे. पक्का रंग आपल्या बादलीत सुटत नाही, कारण तो आधीच दुसरीकडे सुटून आलेला असतो.

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते आम्हा बडोदेकरांना लांब जाऊन पाहावं लागत नाही. देशात बनणाऱ्या रंगांचा आणि त्यांच्या कच्च्या रसायनांचा मोठा वाटा गुजरातचा आहे. अहमदाबादजवळ वटवा, दक्षिणेला अंकलेश्वर आणि वापी, आणि आमच्या शहराच्या उत्तरेला नंदेसरी. बडोद्याच्या परिसरातल्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेण्यासाठी १९८३ पासून एक कालवा आहे. धनोऱ्यापासून सुमारे ५६ किलोमीटर पाद्रा आणि जंबुसर तालुक्यांतून जाऊन सारोदजवळ तो महीच्या मुखात, खंभातच्या आखाताला मिळतो. त्यात प्रक्रिया केलेलंच पाणी सोडायचं, असा नियम आहे. वाटेतल्या गावांतून विहिरी आणि बोअरना रंगीत पाणी येतं, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. आणि माझ्या मोरीत ओतलेलं ते निळं पाणी? ते शहराच्या गटारातून शुद्धीकरण केंद्राकडे आणि शेवटी विश्वामित्रीकडे जातं. शुद्धीकरण केंद्रात मैल्यावर काम करणारे जिवाणू असतात, पण रंग काढण्यात ते कमी पडतात. विश्वामित्री ढाढर नदीला मिळते, आणि ढाढरही खंभातच्या आखातातच जाते. कारखान्याची वाट आणि माझ्या मोरीची वाट एकाच समुद्रात संपते, हे नकाशावर बोट ठेवून पाहिलं त्या दिवशी या पुस्तिकेचं बीज पडलं.

आपल्या बाहेरही हीच कथा आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'एच ॲसिड' हे ॲझो रंगांचं कच्चं रसायन बनवलं गेलं. काम थोड्या काळात थांबलं, पण मागे सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उरला आणि विहिरींचं पाणी काळपट-तांबडं होऊन पिण्याजोगं राहिलं नाही. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठामपणे लागू केलं ते याच खटल्यात. महाराष्ट्रात इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांचं पाणी आणि पंचगंगा हा विषय कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः खालच्या अंगाच्या शिरोळ तालुक्यात, घराघरात बोलला जातो. सौराष्ट्रात जेतपूरच्या साड्या आणि भादर नदी. तमिळनाडूत तिरुप्पूरचे बनियन आणि नोय्यल नदी. तिथे मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रंगशाळा बंद करायला लावल्या आणि सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. त्यानंतर तिथल्या रंगशाळांना पाणी गाळून पुन्हा वापरायला शिकावं लागलं. अट घातली की तंत्र येतं, हे तिरुप्पूरने दाखवलं.

बडोद्याच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट घडली आहे. इथल्या पर्यावरण सुरक्षा समितीने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की चालू अवस्थेतली सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा नसलेला कारखाना देशात कुठेही चालू देऊ नये. देशभराला लागू होणारा हा आदेश आपल्या शहरातल्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीतून आला. त्याची अंमलबजावणी किती होते, यावर नजर ठेवणं हे नागरिकांचं काम आहे.

मग उपाय काय? पुष्कळजणी मला चटकन सांगतात, "नैसर्गिक रंग वापरायचे." मला ते रंग मनापासून प्रिय आहेत. कच्छमधल्या धमडका आणि अजरखपूरच्या खत्री कुटुंबांचं अजरख पाहिलं की त्यामागचं ज्ञान पाहून मान आपोआप लवते. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, आणि गंजलेलं लोखंड गुळात आंबवून केलेला काळा. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कापड, तुरटीचा छाप आणि वाहत्या पाण्यातली धुणी. तरी नैसर्गिक हा शब्दच हमी धरून चालत नाही. बहुतेक वनस्पतींचा रंग कापडाला धरून ठेवायला क्षार लागतो. तुरटी वापरली तर काळजी फारशी नाही. मोरचूद किंवा क्रोमियमचा क्षार वापरला, तर रंग झाडाचा आणि विष धातूचं, अशी गत होते. म्हणून नैसर्गिक रंगाचं कापड घेताना 'कशात धरला आहे?' एवढं जरूर विचारा. खरा कारागीर आनंदाने उत्तर देतो. आणि अस्सल निळीचा रंग थोडा हाताला लागतोच, तो लागला म्हणून कापड वाईट ठरत नाही. रंग जातो की राहतो, यावरून रंगाचं विषारीपण कळत नाही, ही गोष्ट या पुस्तिकेतून एवढी एकच लक्षात राहिली तरी चालेल.

या पुस्तिकेच्या पुढच्या प्रकरणांत निवडीच्या गोष्टी सविस्तर येतील. इथे त्यांची तोंडओळख. कोणतंही नवं कापड अंगाला लागण्याआधी धुवावं, गडद असेल तर दोनदा, आणि वेगळं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं आपण आईकडून ऐकलेलं असतं. बाजारातून रंगून आलेल्या आजच्या कापडाला मीठ किंवा तुरटी पक्कं करत नाही. भिजवण्याने सैल रंग निघतो, तो साध्या पाण्यानेही निघतो. दुकानात ओल्या पांढऱ्या रुमालाने शिवणीजवळ घासून पाहावं. रुमालावर रंग आला, तर ते कापड अंगाला घट्ट बसणाऱ्या जागी, म्हणजे परकर, अंतर्वस्त्रं, अस्तर यांसाठी घेऊ नये. तिथे फिकं सुती चांगलं.

खुणा वाचायला शिकावं. 'ओएको-टेक्स स्टँडर्ड १००' ही १९९२ पासूनची खूण तयार कापडातली घातक रसायनं तपासून दिली जाते. तिचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी सर्वात कडक आहे. 'जीओटीएस' ही खूण सेंद्रिय धाग्याबरोबर रंगाई आणि सांडपाणीही तपासते. कृत्रिम रंगांना तिथे सरसकट बंदी नाही, फक्त घातक रंगांना आहे. भारत सरकारची १९९१ पासूनची मातीच्या घड्याची 'इकोमार्क' खूण कापडालाही लागू होती. हातमागाची खूण मात्र विणकाम हातमागावर झालं एवढंच सांगते. रंगाबद्दल ती काहीच सांगत नाही.

बाळाच्या बाबतीत आपल्या आज्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. पूर्वी बाळंतविड्यातलं नवं झबलं बारशाला नटण्यापुरतं असायचं. पहिले महिने बाळ गुंडाळलं जायचं ते आजीच्या शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याच्या दुपट्यात. लंगोट, कुंची, गोधडी, सगळं त्याच मऊ झालेल्या कापडाचं. त्यात काटकसर होतीच, पण सैल रंग आणि खळ निघून गेलेलं कापड कोवळ्या कातडीला देण्याचा शहाणपणाही होता. आज आपण बारशाला भडक रंगाच्या छापील कपड्यांचे खोके नेतो. त्याऐवजी न रंगवलेल्या मऊ सुती कापडाचं दुपटं नेलं, तर आईला ते जास्त कामाला येईल.

आणि सर्वात परिणामकारक निवड दुकानाबाहेरच होते. दर नवरात्रीला नवी चणियाचोळी न घेता बहिणी-मैत्रिणींमध्ये अदलाबदल केली, तर तेवढा रंग आणि तेवढं पाणी मुळात वापरलंच जात नाही. आमच्या सोसायटीत आम्ही ती सुरू केली आहे.

गोत्रीत विनोबा आश्रम आहे. बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या आणि इथल्याच महाविद्यालयात शिकलेल्या विनोबांचं नाव त्याला दिलेलं आहे. त्यांचे वडील नरहर शंभुराव भावे विणकामाचं शिक्षण घेतलेले गृहस्थ होते, आणि विनोबांनी पुढे स्वतः सूतकताई केली. अंगावरचं कापड कुणी विणलं, हा प्रश्न त्या पिढीने साऱ्या देशाला विचारायला लावला आणि त्यातून स्वदेशी उभी राहिली. ते कापड कशात रंगवलं, हे विचारण्याची पाळी आता आपली आहे.

हे लिखाण उभं राहिलं ते माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या मदतीने, त्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका नेमक्या प्रश्नामुळे, आणि आपलं काम दिवसभर बघू देणाऱ्या त्या रंगाऱ्यामुळे. पुस्तिका छापून आल्यावर पहिली प्रत त्यांना द्यायची आहे, हातमोज्यांच्या एका पातळ जोडीसह, जिच्यातून कापडाचा अंदाज येईल.

वाचणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी दुकानात "पाको रंग छे, बेन" ऐकू आलं की तिथेच थांबू नका. हा रंग कोणता आहे आणि तपासलेला आहे का, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही, तरी विचारा. दुकानदाराला दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं, तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापारी रंगशाळेला. 'रंग जाणार नाही ना' हा आपला प्रश्न असाच वर चढत गेला, आणि म्हणून पक्के रंग आले. हा प्रश्नही तसाच वर जाईल.

गोत्री, बडोदे